मला सकाळी सहा वाजता तपासा: दिव्यांग बोर्डावरच्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
जिल्हा रुग्णालयांत आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत दिव्यांग बोर्डावर बसणारे सर्व डॉक्टर,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

हे पत्र कोणा एका डॉक्टरांविरुद्ध नाही, हे आधीच सांगून टाकते. मला ज्यांनी तपासलं ते नीट बोलले, खेकसले नाहीत, आणि बाहेर रांग जिन्यापर्यंत गेली होती तरी मला आधी बसायला सांगितलं. त्यांच्या खुर्चीत तुमच्यापैकी दुसरं कोणी असतं तरी माझा कागद बहुधा तसाच भरला गेला असता. म्हणून पत्र सगळ्यांना. मागणी एकच: ज्यांचं दुखणं दिवसभर सारखं नसतं, त्यांच्या दिव्यांगत्वाचे टक्के एकदा वाकायला लावून ठरवू नका.

मी 28 वर्षांची आहे. मला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस आहे. तुम्हाला हा आजार समजावून सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण पत्र खुलं आहे, इतरही वाचतील, म्हणून थोडक्यात. कणा जिथे कमरेच्या हाडांना जोडलेला असतो तिथले सांधे सुजतात. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. सूज हळूहळू कण्यात वर सरकते आणि काही जणांचे मणके वर्षांनुवर्षांनी एकमेकांना जुळून जातात. सुरुवात बहुतेकांना विशी-तिशीत होते. पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदा झाल्याची उदाहरणं थोडी. एक्स-रेत बरीच वर्षं काहीच दिसत नाही, एमआरआयमध्ये आधी दिसतं. रक्ताची एचएलए बी 27 तपासणी संशय बळकट करते, पण तिच्यावरून आजार आहेच किंवा नाहीच असं सांगता येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा आजार साध्या कंबरदुखीच्या उलटा चालतो. साधी कंबर दुखली तर पडून राहिल्यावर बरं वाटतं. आमचं पडून राहिलं, बसून राहिलं की आखडतं, आणि हालचाल केली की सुटत जातं.

हे शेवटचं वाक्य तुमच्या पाठ्यपुस्तकात असतं. बोर्डाच्या दिवशी मात्र ते कोणाला आठवत नाही, आणि माझी सगळी तक्रार तिथेच आहे.

माझा दिवस कसा जातो ते सांगते. उत्तररात्री तीन-साडेतीनला कमरेच्या कळेनं जाग येते. कूस बदलायची तर कॉटचा गज धरून, गुडघे पोटाशी घेऊन, आधी खांदा आणि मग कंबर असं टप्प्याटप्प्यानं वळावं लागतं. उठायच्या वेळी आई पाठीखाली हात घालते. पहिला तास-दीड तास मी वाकू शकत नाही. वाकू शकत नाही म्हणजे बेसिनमध्ये चूळ टाकता येत नाही, मगमध्ये टाकावी लागते. सलवारीत पाय घालता येत नाही. आमच्याकडे भारतीय पद्धतीचं संडास आहे, त्यावर प्लास्टिकची कमोड खुर्ची ठेवली आहे, आणि तिच्यावरून उठतानाही खिडकीचा गज लागतो. मग गोळी, गरम पाणी, भिंतीला धरून व्यायाम, अंगणात फेऱ्या. दहा-साडेदहापर्यंत मी तुमच्या-आमच्यासारखी दिसायला लागते. बारा ते तीन हा माझा सर्वांत चांगला वेळ. संध्याकाळी पुन्हा घसरण.

आता बोर्डाचा दिवस बघा. आमच्या तालुक्यातून सिव्हिलला वेळेवर पोचायचं तर पहाटेची गाडी धरावी लागते. मी चारलाच दोन बिस्किटं खाऊन गोळी घेतली, कारण रिकाम्या पोटी ती घेता येत नाही आणि घेतल्याशिवाय एसटीची पायरी चढता येत नाही. गाडीत जागा होती तरी निम्मा रस्ता मागच्या दांड्याला धरून उभी होते. बसले असते तर उतरताना कंडक्टरलाच हात द्यावा लागला असता. तिथून पुढे केसपेपरची खिडकी, तिथून वरच्या मजल्यावर, तिथे कळलं की एक्स-रे इथेच पुन्हा काढायचा आणि एक्स-रे दुसऱ्या इमारतीत, मग खाली, मग परत वर, मग झेरॉक्स, मग रांगेत उभं राहणं. तुमच्या सरकारी इमारतींच्या नियोजनानं त्या दिवशी माझा इतका व्यायाम करून घेतला की फिजिओथेरपिस्टनं शाबासकी दिली असती.

माझं नाव पुकारलं तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. औषध पुरतं भिनलेलं, अंग मोकळं झालेलं. डॉक्टर म्हणाले, वाका. मी वाकले. बोटं नडगीच्या निम्म्यापर्यंत गेली. कमरेला खूण करून वाकण्याआधी आणि वाकल्यावर टेपनं मोजायची जी शोबर चाचणी असते, ती करायची म्हणून त्यांनी सिस्टरना टेप विचारली. टेप सापडली नाही. मग त्यांनी नजरेनंच अंदाज घेतला. वाकतेय की, असं शेजारच्या टेबलावरून कोणी तरी म्हणालं, आणि कंबर तर आमचीही दुखते हो, म्हणून दोघं-तिघं हसले. त्या हसण्यात वाईट हेतू नव्हता. सकाळपासून खुर्चीत बसलेल्या माणसांची कंबर दुखतच असणार.

मी फाइल पुढे केली. त्यात एमआरआय होता, पुण्याच्या संधिवाततज्ज्ञांचे कागद होते, बदललेल्या औषधांच्या चिठ्ठ्या होत्या. फाइल उघडून वरचा कागद पाहिला गेला. ‘टक्के बसत नाहीत, बेटा,’ म्हणून ती मिटली गेली. केसपेपरवर इंग्रजीत दोन शब्द आणि सही. काही दिवसांनी पोर्टलवर अर्ज नामंजूर झाल्याचं दिसलं. कारणाच्या रकान्यात काही नव्हतं.

ज्या आजाराचं लक्षणच सकाळचं आखडणं आहे, तो आजार दुपारी एक वाजता, गोळी घेतलेल्या आणि मैलभर चाललेल्या बाईला एकदा वाकायला लावून मोजला गेला. संधिवातावर इलाज करणारे डॉक्टर पेशंटला पहिला प्रश्न विचारतात, सकाळी उठल्यावर किती वेळ आखडलेलं असतं. बोर्डात तो मला कोणी विचारला नाही. फॉर्मवर त्यासाठी जागा नव्हती हे खरं, पण केसपेपरची मागची बाजू कोरी होती.

आता वयाचं. तुमच्या टेबलासमोर साठीच्या आजी आल्या आणि कंबर धरून बसल्या, तर त्यांचं दुखणं खरं आहे का, असा विचार कोणाच्या मनात येत नाही. 28 वर्षांची, चालत आलेली, केस विंचरलेली मुलगी आली की येतो. हे फक्त तुमचं नाही. मोबाईल कमी कर, असं काका सांगतात. लग्न झालं की जाईल, असं शेजारच्या काकू सांगतात, आणि कसं जाईल ते कोणी सांगत नाही. माझ्या पहिल्या काही डॉक्टरांनी मला कॅल्शियम आणि पट्टा दिला. आजाराला नाव मिळेपर्यंत माझं बी.कॉम. होऊन नोकरी लागलीही होती. पतसंस्थेत काउंटरवर होते. सलग बसणं जमेना, मध्येमध्ये उठले की ग्राहक खोळंबत, आणि शेवटी मीच राजीनामा दिला. ‘दिला’ हा सभ्य शब्द आहे, समजून घ्या.

बोर्डाकडे अर्ज करणार म्हटल्यावर आत्यानं आईला फोन केला होता. म्हणाली, पोरीचं कागदावर कशाला आणताय, स्थळं यायची बंद होतील. तुमच्या टेबलाच्या त्या बाजूनं हे दिसत नसेल, म्हणून मुद्दाम लिहिते. लग्नाच्या वयाची मुलगी आपल्या नावावर दिव्यांगत्वाचा शिक्का मागायला येते, तेव्हा ती घरात बरंच काही पार करून आलेली असते. फुकटच्या पैशांसाठी कोणी हा उद्योग करत नाही.

पैशांचंही सांगते, कारण त्याबद्दल गैरसमज फार. आमच्याकडे ज्याला निराधारचा पगार म्हणतात, ती संजय गांधी निराधार अनुदान योजना. महिना 1000 रुपये होते, 2023 च्या जुलैपासून 1500 झाले, आणि 2025 मध्ये दिव्यांगांसाठी 2500 करायचा निर्णय झाला. त्यासाठी दिव्यांगत्व किमान 40 टक्के हवं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 च्या आत. घरी आम्ही मायलेकी. आई फॉल-पिको करते. तलाठ्यांच्या दाखल्यात आम्ही बसतो. अडतं ते टक्क्यांवर. केंद्राची दिव्यांग पेन्शन वेगळी आहे, तिला 80 टक्के आणि दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब लागतं, आणि केंद्राचे मिळतात महिना 300. ती सोडून द्या. एसटीची 75 टक्के सवलतही 40 टक्क्यांपासूनच सुरू होते. बाई म्हणून अर्धं तिकीट मला 2023 पासून मिळतंच आहे, तेवढं एक सुख. ह्या आजारावर चांगली इंजेक्शनं आहेत. त्यातल्या अडालिमुमॅब या औषधाची जगातली पहिली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच पण स्वस्त, आवृत्ती 2014 साली अहमदाबादच्या एका कंपनीनं आपल्याच देशात बाजारात आणली. 2500 रुपयांत तीही महिनाभर पुरायची नाहीत. पण 2500 मध्ये गोळ्या, रक्ताच्या तपासण्या आणि पुण्याची फेरी निघते, आणि आईच्या शिलाई मशिनकडे बघत औषधाची चिठ्ठी लपवावी लागत नाही.

कायदा काय म्हणतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा, एप्रिल 2017 पासून लागू. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, याच्या अनुसूचीत एकवीस झाले. माझ्या आजाराचं नाव त्यात नाही. मला हलनचलनाच्या दिव्यांगत्वातूनच यावं लागतं. पण दिव्यांग व्यक्ती कोण, हे कायद्यानं आधी वेगळं सांगितलं आहे: दीर्घकाळ टिकणारी अशी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची कमतरता, जी भोवतालच्या अडथळ्यांशी गाठ पडल्यावर माणसाला इतरांच्या बरोबरीनं समाजात वावरू देत नाही. यात टक्के नाहीत. 40 टक्क्यांची अट नंतर येते, ठरावीक लाभांसाठी. 2021 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हाच फरक मांडला. लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराचं प्रकरण होतं ते. त्याचा आजारही अनुसूचीत नावानं नव्हता आणि तो 40 टक्क्यांच्या अटीत बसत नव्हता. तरी न्यायालयानं त्याला लेखनिक घेऊ दिला, आणि 40 टक्के नसलेला माणूसही दिव्यांग असू शकतो, त्याला वाजवी सोयी मिळाल्या पाहिजेत, असं स्पष्ट केलं.

टक्के मोजायची मार्गदर्शक तत्त्वं 2018 च्या जानेवारीत आली, 2024 च्या मार्चमध्ये सुधारून आली. हलनचलनाच्या भागात ती सांध्याची हालचाल, स्नायूंची ताकद, व्यंग, तोल हे मोजतात. वेदनेला तिथे जागा आहे, पण आमटीत मीठ असतं तेवढीच. हे तुम्ही ठरवलेलं नाही, दिल्लीत ठरलं आहे, आणि त्याबद्दल भांडायचं ते दिल्लीशी. पण हालचाल कोणत्या वेळी मोजायची हे त्या तत्त्वांनी ठरवलेलं नाही. जुने कागद वाचू नका, असंही कुठे लिहिलेलं नाही. आणि टेप हरवली तर नजरेनं चालवा, असं तर नक्कीच नाही.

40 च्या खाली आलं की प्रमाणपत्रच द्यायचं नाही, ही सवय कुठून आली कोण जाणे. नियमांत तसं नाही. 2024 च्या ऑक्टोबरमधल्या सुधारित नियमांनी तर यूडीआयडी कार्डाचे, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचे, रंगच वेगळे केले: 40 च्या खाली पांढरं, 40 पासून 80 च्या आत पिवळं, 80 आणि त्यावर निळं. पांढरं कार्ड कोणाला द्यायचंच नसतं तर त्याचा रंग कशाला ठरवला असता? मला त्या पांढऱ्या कार्डाचाही उपयोग आहे. निराधारचा पगार त्यावर सुरू होणार नाही, पण उद्या कुठे नोकरी लागली तर दर तासाला उठून पाच मिनिटं चालू द्या, उभं राहून काम करता येईल असं उंच टेबल द्या, हे सांगायला माझ्या हातात सरकारी कागद असेल. सरकारी आस्थापनांवर अशी वाजवी सोय करून द्यायचं बंधन ह्याच कायद्यानं घातलं आहे. खासगीतला साहेबही तोंडी सांगितलेलं ऐकत नाही; कागद पाहिला की निदान विचार करतो. ‘20 टक्के’ असं लिहून दिलं असतं तरी मी त्या दिवशी रिकाम्या हातानं परतले नसते.

तुमची बाजू मला अजिबात कळत नाही असं नाही. 2024 च्या जुलैत पुण्यातल्या प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्राचं प्रकरण गाजलं, त्यानंतर बोगस दिव्यांग हा शब्द रोज पेपरात येऊ लागला. जिल्हा परिषदांमधल्या कर्मचाऱ्यांची प्रमाणपत्रं पडताळायला काढली गेली. उद्या चौकशी लागली तर सही कोणाची आहे, हे पहिल्यांदा विचारलं जाणार. मग न दिसणाऱ्या दुखण्यावर सही करायला हात धजावत नाही, हे समजू शकते. पण बोगस प्रमाणपत्र काढणाऱ्याची फाइल कधी अपुरी नसते. त्याचे सगळे कागद जागच्या जागी असतात, त्याला पहाटेची एसटी धरावी लागत नाही, आणि बोर्डासमोर तो माझ्याइतका वाकूनही दाखवत नाही. घाईघाईत नजरेनं तपासून तो पकडला जात नाही. पकडला जातो तो सविस्तर नोंदी असल्या तर, आणि मी तुमच्याकडे नोंदीच मागते आहे.

म्हणून अशा दुखण्याचा माणूस समोर आला की हालचालीबरोबर त्याचा दिवस विचारा. किती वाजता उठतो, चपलेत पाय स्वतः घालतो का, सलग किती वेळ बसू शकतो, शेवटची गोळी कधी घेतली. उत्तरं दोन ओळींत लिहून ठेवा. उपचार करणाऱ्या तज्ज्ञांचे मागच्या काही महिन्यांचे कागद असतील तर ते आतपर्यंत उलटा. जिल्ह्याला संधिवाततज्ज्ञ नसतो हे मान्य, पण त्याचं मत माझ्या फाइलमध्ये तुमच्या टेबलावरच पडलेलं असतं. दुखणं कमी-जास्त होणारं वाटलं तर मुदतीचं प्रमाणपत्र द्या आणि फेरतपासणीची तारीख घाला. नियमांत ती सोय आहे. टक्के कमी भरले तर कमी लिहा, पण लिहा. आणि नाकारायचंच असेल तर कारण लेखी द्या. त्यासाठी स्वतंत्र नमुना छापलेला आहे, तो भरला तरच अपिलात काही बोलता येतं. अपिलात गेल्यावर काय नाकारलं आणि का, हेच माहीत नसेल तर पुढच्या साहेबांसमोर मी मांडू काय?

बोर्डाच्या दिवशी पोलिओ झालेले, पाय गमावलेले, चाकाच्या खुर्चीवरून आणलेले लोक त्याच रांगेत असतात, आणि त्यांना तुम्ही आधी आत घेता. ते बरोबरच आहे. माझं दुखणं त्यांच्याएवढं मोठं आहे असा माझा दावा नाही. रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या, कुबड्या घेतलेल्या एका दादांनी मला विचारलं, ‘ताई, तुम्ही कोणाबरोबर आलात?’ मी म्हटलं, माझंच आहे. त्यांनी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि मग स्वतःची कुबडी भिंतीला टेकवून माझी फाइल हातात धरली, कारण मी तोवर भिंतीला टेकले होते. त्यांना बहुधा तुमच्याआधी कळलं.

पुढच्या बोर्डाला मी परत येणार आहे. या वेळी औषधांच्या तारखा एका कागदावर लिहून आणीन, सकाळी उठतानाचा आईनं मोबाईलवर काढलेला व्हिडिओ आणीन, आणि टेपही घरूनच आणीन. एक गोष्ट मात्र मला आधी कळवाल तर बरं होईल. त्या दिवशी चारची गोळी घेऊन यायचं की न घेता? घेतली तर तुमच्यासमोर वाकता येतं आणि टक्के जातात. नाही घेतली तर एसटीत चढता येत नाही.

आपली,
एक अर्जदार